नव्वदची लेन्स

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू सांगत नाहीस. आम्ही दोघंही ठीक आहोत. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी फिरायला जातो आणि बाजारातले तराजू लांबूनच बघतो. वजनमाप खात्याने माझ्या जागी नेमलेला नवा तपासनीस म्हणजे शुद्ध भोपळा आहे. परवा एका दुकानात पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा मला रस्त्यावरून दिसला, आणि हा गृहस्थ त्याच दुकानात बसून सरबत पीत होता.

पत्राचं कारण वेगळं आहे. स्टुडिओ बंद करताना तू भावोजींचा कॅमेरा मला दिलास. इतके दिवस तो कपाटात होता. आता मी फोटोग्राफीच्या क्लबात जातो. तिथली माणसं कॅमेऱ्याच्या पट्ट्यांबद्दल तासभर बोलू शकतात आणि फोटो मात्र सगळे आपल्या मांजरांचे काढतात. पुढच्या स्पर्धेचा विषय आहे 'कामात गढलेली माणसं'. कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स आहे, तिने रस्त्यापलीकडचा माणूस मोहरीएवढा येतो. म्हणून छोटी टेलिफोटो घ्यायचं ठरवलं आहे.

इथे जुन्या लेन्सा विकणारा एक इसम आहे, त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. का म्हणतात ते त्याचं बोलणं ऐकल्यावर कळत नाही. पंचाहत्तर, नव्वद आणि एकशे पस्तीस अशा तीन लेन्सा त्याने माझ्यापुढे मांडल्या आणि दर वाक्याला 'खास तुमच्यासाठी' म्हणत एकशे पस्तीस माझ्या गळ्यात मारायला बघितली. असं म्हणणाऱ्या दुकानदाराचा अंगठा पारड्यात असतो, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. तेव्हा तुला विचारतो. दुकानाच्या तोंडाशी बसलेला माणूस, वेळ संध्याकाळची, टेबलावर एक दिवा, मध्ये रस्त्याची रुंदी, आणि त्या माणसाला कळता कामा नये. कोणती घेऊ?

लोभ असावा. उपदेश नसला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आजवरचे सगळे पालथ्या घड्यावर पाणी ठरले, तरी रीत म्हणून हेही पाठवते.

माझे गुडघे दुखतात. झालं, सांगितलं. आता कॅमेऱ्याचं बोलू.

ह्यांनी तो कॅमेरा लेकरासारखा सांभाळला होता. तू त्याला कपाटात ठेवलास, तिथे त्याला बुरशी लागली नसली तर नशीब. हा रेंजफाइंडर आहे, बाबा. ह्याच्यात लेन्समधून बघायचं नसतं. शेजारी एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधल्या फिकट ठिपक्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. रिंग फिरवून त्या दोन आकृत्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. लेन्सला काय दिसतंय ते फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. तुला तशी सवय आहे म्हणा.

छोटी टेलिफोटो लांबचं जवळ आणण्यासाठी असते, असं तुला त्या प्रोफेसराने सांगितलं आणि तू मान डोलावलीस. आमच्या स्टुडिओत जन्मभर नव्वदनेच चेहरे काढले, आणि गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसलेलं असायचं. पन्नास घेऊन जवळ गेलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. नव्वदने दोन पावलं मागे राहून चेहरा भरून घेता येतो आणि नाक जागच्या जागी राहतं. एवढंच तिचं काम. रस्त्यापलीकडून हेरगिरी करायला ती बनवलेली नाही.

आणि हेरगिरी कुणावर, तेही मला कळलं. तुझ्या गावात दुकानाच्या तोंडाशी दिवा लावून मान खाली घालून बसणारी किती माणसं असतील? तो वाकणारा दिवा माझ्या स्टुडिओतला आहे. मीच तो चिमटीला दिला, तिने शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं तेव्हा. तुझी एकुलती एक मुलगी दुकान काढते म्हटल्यावर तू काय दिलंस ते मला आठवतं. सगळ्यांच्या देखत, भरल्या ताटावर, तू म्हणालास की दुकानदार म्हणजे पारड्यात अंगठा ठेवून जगणारी जमात, आणि असलं दुकान दोन महिन्यांतच बंद पडेल. त्यावर तिने शांतपणे सांगितलं की दुरुस्तीला काही आणायचं असेल तरच बाबांनी दुकानाची पायरी चढावी, एरवी नाही. त्याला वर्ष उलटून गेलं. दुकान चालू आहे आणि तू क्लबात मांजरांचे फोटो बघतोस.

लेन्स नको घेऊस. चपला घाल आणि रस्ता ओलांड.

लोभ आहेच. तो वाढावा असं तू अजून काही केलेलं नाहीस.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. गुडघ्यांना शेक देत जा.

तू राईचा पर्वत करतेस. स्पर्धेचा विषय क्लबाने दिला आहे, मी नाही. कामात गढलेला माणूस शोधत मी बाजारभर हिंडलो. न्हावी गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो, शिंपी रेडिओ ऐकतो, आणि घड्याळजी तर चक्क झोपलेला असतो. मान खाली घालून काम करणारं एकच दुकान सापडलं. ते कुणाचं आहे हा योगायोग झाला. दिवा चांगला आहे, हे मात्र मान्य करतो.

तुझी वहिनी दर गुरुवारी तिकडे जाते आणि परत आली की हूं की चूं करत नाही. मी विचारत नाही. ह्या गुरुवारी मात्र ती आपणहून बोलली. चिमटी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला गाव सोडते आहे. दुसऱ्या शहरातल्या कुठल्या तरी कपड्यांच्या कारखान्यात सगळी यंत्रं तिच्या ताब्यात देणार आहेत. म्हणजे दुकान बंद पडतंय, मी म्हणालो होतो तसंच. पण ह्या बंद पडण्याने मला काडीचाही आनंद झालेला नाही. तो व्हायला हवा होता, असं तुला वाटत असेल तर तसं लिही.

सांगायचं एवढंच की स्पर्धेसाठी माझ्याकडे फार दिवस नाहीत. प्रोफेसराकडे पुन्हा जाऊन आलो. पंचाहत्तरच्या फोटोत किती मावेल ते दाखवणारी चौकट आपल्या कॅमेऱ्याच्या खिडकीत येत नाही, अंदाजाने चालवावं लागतं असं तो म्हणाला. मी उभ्या आयुष्यात अंदाजाने काही केलेलं नाही, तेव्हा ती बाद. नव्वदमध्ये दोन आहेत. एक जाडजूड, जी म्हणे अंधारातही चेहरा उजळ काढते, आणि दुसरी सडपातळ, जिला भरपूर उजेड लागतो. मला जाडी पसंत आहे. एकशे पस्तीसही मनातून गेलेली नाही. कोणती घेऊ ते लगेच कळव. कृपा करून फक्त लेन्सबद्दल लिही.

तुझा,
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, मागच्यासारखेच.

फक्त लेन्सबद्दल लिहिते.

एकशे पस्तीस घेतलीस तर खिडकीतली चौकट वाटाण्याएवढी होईल, आणि तुझा चष्मा तसाही जुना आहे. शिवाय इतक्या लांब लेन्सला ह्या कॅमेऱ्याचा फोकस पुरा पडत नाही. दोन आकृत्या जुळल्या असं तुला वाटेल आणि फोटोत भलतंच धूसर येईल. तो प्रोफेसर ती विकायला बसला आहे कारण शहाणा माणूस ती घेत नाही.

जाडी नव्वद उजेड पुष्कळ घेते हे खरं. पण ती पूर्ण उघडली की एक डोळा स्पष्ट येतो आणि कान विरघळतो. त्यासाठी हात स्थिर लागतो आणि ह्यांच्यासारखी नजर लागते. त्यातून ती इतकी फुगीर असते की खिडकीचा एक कोपराच झाकून टाकते. जाडी लेन्स घेऊन तू चिमटीच्या मागच्या भिंतीचा उत्कृष्ट फोटो काढशील.

सडपातळ नव्वद घे. रोल जलद घाल, कमी उजेडात चालणारा. कॅमेरा टेकवायला काहीतरी शोध, एखादा खांब, भिंत, काहीही. चौकट नव्वदचीच बघ, पन्नासची बघून फोटो काढू नकोस. नवशिके हटकून तेच करतात आणि मग डोकी कापली गेली म्हणून लेन्सला शिव्या घालतात.

दोन गोष्टी तुला कुणी दुकानदार सांगणार नाही. लेन्स कोणतीही लाव, खिडकीतलं चित्र मोठं होत नाही, फक्त चौकट लहान होते. पलीकडचा माणूस तुला अंगठ्याच्या नखाएवढाच दिसत राहणार. त्याचा चेहरा कसा होता, हे तुला फोटो धुतल्यावरच कळेल. आणि दुसरं, ही लेन्स एका मीटरच्या आत चालत नाही. रिंग तिथे संपते. त्याची मात्र तू चिंता करू नकोस. तू कुणाच्या मीटरभर जवळ जाशील अशी भीती मला वाटत नाही.

रोल माझ्याकडे पाठव. डार्करूम अजून मोडलेली नाही, आणि तुझ्या गावातल्या दुकानात दिलास तर ते त्याचं लोणचं घालतील.

लोभ ठेव, आणि हात हलू देऊ नकोस.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

सोबत रोल आहे. सडपातळ घेतली. प्रोफेसराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, तेवढं तरी समाधान मिळालं.

तीन संध्याकाळी गेलो. दुकानाच्या बरोबर समोर टपालपेटी आहे. तिच्यावर कोपर टेकवता येतं आणि मागे उभं राहिलं की अंगही झाकलं जातं. नोकरीत मी पोत्यांच्या थप्पीमागे उभा राहून व्यापाऱ्यांना रंगेहाथ पकडलं आहे, तेव्हा मला लपायचं कसं ते कुणी शिकवायला नको. तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. खिडकीत ती तू म्हणालीस तशी नखाएवढीच दिसत होती, आणि मान पूर्णवेळ यंत्रावर. काम मन लावून करते, हे मी तपासनीस म्हणून लिहितो आहे.

दोन उणिवा आधीच सांगतो, म्हणजे तू मला बोल लावणार नाहीस. दुसऱ्या दिवशी तिने मध्येच दिवा फिरवला, त्यामुळे उजेड यंत्रावरून निघून तिच्याच तोंडावर पडला. कामाची अक्कल असलेला माणूस दिवा कामावर ठेवतो. तुझ्या हाताखाली शिकूनही तिला हे कळू नये ह्याचं आश्चर्य वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने एक स्टूल आणून दुकानाबाहेर मांडलं. ते सारखं चौकटीत येत होतं. त्यावर अखेरपर्यंत कुणी बसलं नाही. नसत्या जागी सामान मांडायचं आणि रस्ता अडवायचा ही खास दुकानदारी खोड आहे.

सामानाची बांधाबांध चाललेली दिसली. भिंतीवरची हत्यारं निम्मी उतरवली आहेत. पुढच्या शनिवारी ती निघणार, असं तुझी वहिनी म्हणते. फोटो चांगले आले तर एक मोठा करून दे, टेबलावर ठेवण्याजोगा. स्पर्धेला लहान पुरेल.

लोभ असावा, आणि रोल धुताना राग पाण्यात ढवळू नये.

तुझा,
धाकटा

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद नाहीत. हे वाचून झालं की मागून घे.

फोटो सोबत पाठवते आहे, क्रमाने लावले आहेत. पत्र हातात धरून एकेक बघ आणि चष्मा पुसून बघ.

पहिल्या दिवशीच्या दोन फोटोंत तिची मान खाली आहे. तिसऱ्यात वर आहे. ती बघते आहे ती सरळ लेन्समध्ये. टपालपेटीमागे लपलेला महान तपासनीस तिला दिसला आहे, आणि इतका स्वच्छ दिसला आहे की तिच्या भुवईवरून मला तुझ्या कोपराची जागा सांगता येते.

दुसरा दिवस बघ. दिवा तोंडावर का फिरवला म्हणतोस? उजेड पुरणार नाही म्हणून फिरवला. बापाकडे कोणती लेन्स आहे हे तिने रस्त्यापलीकडून ओळखलं असणार. ह्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे चार वर्षं काम केलं आहे. हनुवटी किंचित खाली, डावा गाल पुढे, केस कानामागे. गिऱ्हाइकाला असं बसवायला मीच तिला शिकवलं. आणि ती हललेली नाही. शेजारून गेलेली सायकल पुसटली आहे, तुझा हात हलल्याने दुकानाची पाटीही एका फोटोत पुसटली आहे, पण ती दगडासारखी स्थिर आहे. तू फोटो चोरलेस असं तुला वाटतं. तिने ते काढून दिले आहेत, सलग तीन दिवस, पोटाचं काम बाजूला ठेवून. एवढ्या अडाण्यासाठी मी तरी एवढा वेळ बसले नसते.

आता तिसरा दिवस. स्टूल नसत्या जागी नाही. एका फोटोत तिच्या हातात फडकं आहे आणि ती ते पुसते आहे. पुढच्यात ती आत जाऊन बसली आहे आणि स्टूल बाहेर आहे. शेवटच्या चार फोटोंत ती यंत्राकडे बघत नाही, तुझ्याकडेही नाही. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघते आहे. तू ते चौकटीबाहेर ठेवायची धडपड करत होतास, हे फोटोच्या कडेवरून दिसतं.

त्या सबंध रस्त्यात कुणाला काही दिसत नव्हतं, तर ते फक्त तुला. जन्मभर दुसऱ्यांच्या पारड्याखाली वाकून बघितलंस आणि पुढ्यात मांडलेलं स्टूल तुला अडगळ वाटलं. मला तुझा इतका संताप आला की पाण्यातला फोटो तसाच टाकून मी बाहेर आले. मग परत आत जाऊन रडले. ते तिच्यासाठी होतं, तुझ्या वाट्याला काही नाही.

मोठा फोटो करून मिळणार नाही. शनिवारच्या आत तिथे जा. दुरुस्तीला काही असेल तरच पायरी चढायची ना? मग घरात मोडलेलं काही नसेल तर मोडून घे. तेवढं तरी तुला जमतं.

ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. आशीर्वाद मागतो आहे.

फोटो बघितले. त्यांच्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही, तू आग्रह करू नकोस. क्लबाला ते पाठवणार नाही. त्या मांजरवाल्यांना त्यातलं काय कळणार.

परवा तुझ्या वहिनीचं शिवणयंत्र नीट चालेना म्हणून त्याचं वरचं धूड उचलून मी स्वतः दुकानात नेलं. रिक्षा करावी असं ती म्हणत होती, पण मी चालत गेलो. वाटेत दोनदा खाली ठेवावं लागलं. पायरी एकच आहे, तरी ती चढायला मला वेळ लागला, आणि त्याला कारण यंत्राचं वजन होतं. आत तपासण्यासारखं काही नव्हतं, तिच्याकडे तराजूच नाही. स्टूल बाहेरच होतं. मी बसलो. तिने यंत्र उघडून आत बघितलं. नंतर ती पुष्कळ बोलली. त्यातलं बरंचसं माझ्या अकलेबद्दल होतं, आणि बोलताना ती हुबेहूब तुझ्यासारखी दिसते.

कॅमेरा गळ्यात होता. एक फोटो नीट समोरून घ्यावा म्हणून डोळ्याला लावला, पण रिंग संपली आणि त्या दोन आकृत्या काही केल्या जुळेनात. तू लिहिलं होतंस तेच झालं, अंतर मीटरभराहून कमी होतं. त्यामुळे फोटो निघालेला नाही. लेन्सला मी दोष देत नाही.

उद्या सकाळी ती निघते. स्टेशनवर मी जाणार आहे. खालच्या जागेत तिला दोन ओळी लिहायच्या आहेत, तेव्हा आवरतं घेतो. लोभ असावा, माझ्या लायकीपेक्षा थोडा जास्त.

तुझा,
धाकटा

आत्या, सा. न.

बाबांनी वर लिहिलेलं वाचलं. मोजमापाच्या माणसाने इतकं कच्चं लिहू नये. यंत्राला काही झालेलं नव्हतं. धाग्याचा ताण धरणारी स्प्रिंग कुणीतरी काढून उलटी बसवली होती, आणि बाबांच्या बोटांना तेल होतं. इतकं भिकार काम मी आजवर पाहिलेलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

दिवा माझ्याबरोबर नेते आहे. पत्ता तिथे पोचल्यावर कळवीन. तुझे गुडघे बरे झाले की ये, जवळून काढता येईल अशी एखादी लेन्स घेऊन ये.

फोटो का निघाला नाही तेही त्यांनी अर्धंच लिहिलं आहे. मागे अख्खा रस्ता मोकळा होता. मी त्यांना दोनदा म्हटलं की बाबा, स्टूल जरा मागे घ्या. त्यांनी घेतलं नाही.

तुझी,
चिमटी